कुस्तीच्या लीगमध्ये खान्देश कुठे होता? #थ्रेड

१/ नोव्हेंबर २०१८. पुण्याच्या बालेवाडीत ‘झी महाराष्ट्र कुस्ती दंगल’ या व्यावसायिक लीगचा हंगाम रंगला. पुणे, सातारा, कोल्हापूर, मुंबई, मराठवाडा आणि विदर्भ अशा नावांचे सहा संघ मॅटवर उतरले. सातवे नाव, खान्देश, नव्हतेच.

२/ यावर ठरलेले उत्तर असे: ‘खान्देशात कुस्तीची परंपराच कुठे आहे?’ हे उत्तर इतिहासापुढे टिकत नाही.

३/ चाळीसगाव तालुक्यातील सायगाव-बगळीचा विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीन वेळा ‘महाराष्ट्र केसरी’ झाला. नरसिंग यादवनंतर हा पराक्रम करणारा तो दुसराच मल्ल. तिसऱ्या गदेनंतर दोनच वर्षांनी लीग आली, आणि संघांच्या यादीत त्याच्या मातीचे नाव नव्हते!

४/ हे विस्मरण नवे नाही. १९०६ मध्ये खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पुढे त्यांना जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. सरकारी नकाशावरून खान्देश पुसला गेला, तो उरला लोकांच्या बोलण्यात.

५/ संघाला प्रदेशाचे नाव देणे ही केवळ जाहिरात नव्हे. त्या नावाने गावोगावच्या पोरांना ‘आपला संघ’ मिळतो. विदर्भ आणि मराठवाडा यांना तो मान मिळाला, हे योग्यच झाले. मग तीन गदा आणणाऱ्या खान्देशाने आणखी कोणता पुरावा द्यायचा?