दगड पाठ करून काय उपयोग?

जिऑलॉजी म्हणजे 'दगड पाठ करा आणि पास व्हा' असा विषय, हे माझंही मत होतं. लॅबच्या पेटीतला बेसॉल्ट मी दगड बघून नाही, नंबर बघून ओळखायचो!

गेल्या वर्षी टूरला किल्लारीकडे जाताना एका खाणीजवळ बस थांबली. समोर खाली कठीण काळा दगड, वर भोकाभोकांचा, मग लाल मातीचा पट्टा आणि पुन्हा काळा दगड. मी वहीत रुबाबात 'गाळाचे खडक' लिहिलं. सर हसले, "अरे, हे लाव्हाचे थर. गाळ याच्या फार खाली आहे."

खरंच आहे. भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल बोअर घेतलं. त्यात ३३८ मीटर बेसॉल्ट, त्याखाली फक्त ८ मीटर गाळाचे थर आणि मग अतिप्राचीन खडक लागला.

कोडं पुढेच आहे. वरचे थर वह्यांच्या गठ्ठ्यासारखे आडवे, शांत. फॉल्ट कुठे दिसतच नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३.५६ वाजता ६.२ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा जमिनीवर उमटलेली भेगही तुटक, जेमतेम किलोमीटरभर. नकाशात तर हा भाग सर्वात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता! गणपती विसर्जन करून झोपलेली हजारो माणसं दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदांखाली गाडली गेली. २००२ मध्ये झोन एक रद्द झाला. पण गेलेली माणसं थोडीच परत येणार?

२१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोलीच्या ४.५ च्या धक्क्याने नांदेडही हललं. आम्ही हॉस्टेलवाले चादरीसकट खाली पळालो आणि नाश्त्याला त्यावर जोक सुरू!

दिवाळीत औशाला गेलो. काकांचं घर बांधणं चालू होतं. गवंडी म्हणाला, "लिंटेलला सलग पट्टा कशाला? उगं खर्च." मी 'इंजिनिअर' गप्प. आजी मात्र म्हणाली, "तू तर शिकतोस ना रे?" आजी अजूनही भिंतीला लागून झोपत नाही. त्या दिवशी रात्री पुस्तक काढून बसलो, सकाळी काकांना समजावलं. पट्टा पडला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : जिऑलॉजीचे निम्मे मार्क फील्डला द्या. सरांनी आम्हाला खाणीत न्यावं, किल्लारीत न्यावं. आणि आपणही टूरला फोटोपुरतं जाऊ नये. उद्या मराठवाड्यात घरं आपणच बांधणार आहोत.