काठी कोणत्या हाती?

बालाघाटच्या डोंगरांतले अहमदपूर. तेथे चढ-उतार काही चुकत नाहीत. दिवाळीला माहेरी आलेल्या लेकींना आईच्या हातात काठी दिसते, आणि ती बहुधा दुखऱ्या गुडघ्याच्याच बाजूला! भगिनींनो, ही चूक आजच सुधारा.

सपाटीवर चालतानाही दर पावलाला गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. जिना उतरताना तो जवळजवळ साडेतीनपट होतो. पाऊल टेकले की भाराचा मोठा वाटा गुडघ्याच्या आतल्या अंगावर पडतो. झीजही बहुधा तेथूनच सुरू होते. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात घ्यावी आणि उजव्या पावलाबरोबरच टेकावी, म्हणजे तो भार वाटला जातो. जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा.

उंच टाचांची चप्पल सणाला शोभते खरी, पण आतल्या अंगावरचा ताण वाढवते. उकिडवे बसून रांगोळी यंदा सुनेने काढावी; सासूबाईंनी खुर्चीवरून रंग सांगावेत, तेवढी हौस राहू द्या. गुडघा सुजला किंवा रात्रीही ठणकू लागला, तर तेल चोळत दिवस न काढता डॉक्टरांना दाखवावे.

काठीची मूठ मनगटाच्या वळीशी यावी. उंच असल्यास खालून कापून घ्यावी आणि टोकाला रबर बसवावे.