‘आज हा वेगळा वाटतोय’

‘काय होतंय?’ या प्रश्नाला पेशंट उत्तर देणार, हे आपण धरूनच चालतो. केसपेपरची पहिली ओळ त्याच उत्तराने सुरू होते. बौद्धिक अक्षमता असलेला तिशीतला माणूस समोर येऊन बसला की हा आधारच निसटतो. तो हाताने कानशील बडवतोय, आईच्या चेहऱ्यावर आठवड्याचं जागरण आहे, बाहेर बाकांवर जागा उरलेली नाही. अशा वेळी ‘वर्तन समस्या’ एवढं लिहून रिस्पेरिडोनचा डोस थोडा वाढवून देणं हे दोन मिनिटांचं काम असतं. आपल्यापैकी बहुतेकांच्या दवाखान्यात असे पेशंट महिन्याकाठी दोन-तीनच येतात, त्यामुळे या दोन मिनिटांचा हिशोब कोणी मागत नाही.

हा अंक त्यांच्यावर काढताना संपादक मंडळात एकाने रास्त शंका काढली: विशेष शाळा, निवासी संस्था, तिथले शिक्षक हे वेगळं जग, फॅमिली डॉक्टरने त्यातून काय घ्यायचं? माझ्या मते घ्यायचं ते निरीक्षण. बोलून न दाखवणाऱ्या माणसाबरोबर जे दिवसरात्र राहतात, त्यांना त्याचा नेहमीचा दिवस तोंडपाठ असतो, आणि त्यात तसूभर फरक पडला तरी तो त्यांच्या लक्षात येतो. आपल्याकडे रक्ताचे रिपोर्ट असतात. ‘नेहमीचा’ कसा, याची नोंद मात्र नसते.

वैद्यकशास्त्राने हा धडा एकदा मोठ्या प्रमाणात गिरवलेला आहे. नॉर्वेतल्या बोर्ग्नी एगेलांड यांची दोन्ही मुलं, लिव्ह आणि डाग, वाढीत मागे पडत गेली. दोघांच्या अंगाला एक चमत्कारिक कुबट वास येतो, हे त्या बाई डॉक्टरामागून डॉक्टरांना सांगत राहिल्या. कोणी मनावर घेतलं नाही. १९३४ साली आस्ब्योर्न फ्योलिंग या डॉक्टरने त्यांचं ऐकून घेतलं आणि मुलांची लघवी तपासली. फेरिक क्लोराईड घातल्यावर ती गर्द हिरवी झाली, जी व्हायला नको होती. औषधांमुळे तर नव्हे ना, म्हणून मुलांची सगळी औषधं बंद करून पुन्हा पाहिलं, तरी हिरवीच. मग बाई लघवीच्या बाटल्या भरभरून आणत राहिल्या आणि फ्योलिंगने त्यातून फिनाइलपायरुव्हिक आम्ल वेगळं काढलं. पुढे संस्थांमधले ४३० रुग्ण तपासल्यावर आणखी आठ जणांत तेच सापडलं. फिनाइलकीटोन्युरिया हा आजार आपल्या पाठ्यपुस्तकात आला तो असा, एका आईच्या नाकामुळे.

त्या दोन मुलांना या शोधाचा उपयोग झाला नाही. उपचार निघायला १९५०चं दशक उजाडावं लागलं, आणि तिथेही आईच आहे. बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात होर्स्ट बिकेल यांनी शीला नावाच्या मुलीचं निदान केलं, तर तिची आई रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी उभी: निदान कळलं, आता करणार काय? फिनाइलअ‍ॅलनिन कमी केलेला आहार जन्माला आला तो या तगाद्यातून. नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब टिपकागदावर घ्यायची पद्धत रुजवणारे रॉबर्ट गथ्री हेही बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचे वडील होते, आणि त्यांच्या भाचीला फिनाइलकीटोन्युरिया होता. आपल्याकडे त्याहून कितीतरी जास्त आढळणारा आजार म्हणजे जन्मजात थायरॉइडची कमतरता. त्याच टाचेच्या थेंबात ती पकडता येते आणि स्वस्तातल्या गोळीने बाळाची बुद्धी वाचवता येते. तरीही प्रत्येक बाळाची ही तपासणी आपल्याकडे होत नाही, ही गोष्ट आपल्या व्यवसायाला टोचायला हवी तेवढी टोचत नाही.

आता जवळचं उदाहरण. एका निवासी संस्थेतून पंचविशीतला मुलगा दवाखान्यात आणला होता. संस्थेच्या चिठ्ठीत ‘आक्रमकता वाढली आहे, औषध बदलून द्यावे’ असा मजकूर. सोबत आलेल्या मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, “आक्रमक-बिक्रमक मला कळत नाही. पण सोमवारपासून हा भाकरी आमटीत कुस्करून खातोय. एरवी कडक भाकरीच लागते याला. आणि उजव्या कुशीवर निजत नाही.” निदान यात झालंच होतं, आम्ही फक्त तोंड उघडून पाहिलं. फेनिटॉइनने हिरड्या सुजून दातांवर चढलेल्या, त्याआड उजवीकडची खालची दाढ किडून पू झालेली. दाढ काढली, मारामारी थांबली. मावशींचं शिक्षण सातवी.

मूळ अक्षमतेच्या नावावर नवं दुखणं खपवायचं, ही आपली जुनी खोड आहे. कान, दात, बद्धकोष्ठता, आम्लपित्त, फिट येऊन गेलेली कोणी न पाहिलेली, पाळीतली पोटदुखी: वागणं अचानक बदललं की आधी ही यादी, मानसोपचाराची औषधं नंतर. डाउन सिंड्रोम असलेला चाळिशीतला माणूस ‘हट्टी झालाय’ असं घरचे म्हणाले तर थायरॉइड बघा, कानातला मळ काढा, मोतीबिंदू बघा, झोपेत श्वास अडतो का विचारा. यातलं काहीच नसेल तर स्मृतिभ्रंशाचा विचार करा. अमायलॉइड प्रथिनाचा जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर असतो आणि या मंडळींकडे त्याची एक प्रत जास्त, म्हणून त्यांना अल्झायमर लवकर गाठतो. अल्झायमरच्या संशोधनाला अमायलॉइडची वाट दाखवण्यात त्यांच्या मेंदूंचा वाटा मोठा आहे. याचं श्रेय त्यांना कोणी देत नाही, हे जाता जाता.

इथपर्यंत सगळं गोड वाटेल: काळजी घेणाऱ्याचं ऐका, म्हणजे झालं. तसं नाही. १९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मुली-बायकांची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण दिलं गेलं ते पाळीच्या स्वच्छतेचं. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर ते थांबलं, पण तोवर काहींवर शस्त्रक्रिया होऊन गेल्या होत्या. तेव्हाही सांभाळणाऱ्यांचंच ऐकलं गेलं होतं. सांभाळणाऱ्याचं निरीक्षण हा पुरावा असतो. त्याची सोय हा पुरावा नसतो, आणि या दोन्ही गोष्टी एकाच तोंडून एकाच सुरात येतात. त्या वेगळ्या करायचं काम डॉक्टरचं.

पाळीच्या स्वच्छतेच्या त्याच प्रश्नाला विशेष शिक्षिकांनी काय उत्तर शोधलं, हे आपल्याला ठाऊक असायला हवं. त्या पॅड बदलण्याच्या कृतीचे बारीक बारीक टप्पे पाडतात. लाल रंग लावलेलं पॅड आधी बाहुलीला, मग मुलीच्या स्वतःच्या चड्डीला लावून, पाळी नसतानाच सराव करून घेतात. कित्येकदा शेवटच्या टप्प्यापासून शिकवतात, म्हणजे वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून डब्यात टाकणं आधी, कारण तिथे काम पुरं झाल्याचं समाधान लगेच मिळतं. यात महिने जातात. काहींना पूर्ण जमत नाही, थोडी मदत कायम लागते. पण ज्याला शस्त्रक्रिया हा उपाय वाटला, तो हा रस्ता माहीत नसलेला माणूस होता.

कायदा आता आपल्या बाजूने स्पष्ट आहे. चंदीगडच्या संस्थेतल्या एका गरोदर तरुणीला तिचं मूल हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सुचिता श्रीवास्तव खटल्यात तिच्या इच्छेविरुद्ध गर्भपात करायला नकार दिला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार, वंध्यत्व येईल असा कोणताही उपचार त्या व्यक्तीच्या स्वतःच्या संमतीशिवाय करता येत नाही. तरीही ‘हिची पिशवी काढून टाका हो’ ही विनंती घेऊन पालक येतातच. त्यांना झिडकारू नका. जवळच्या विशेष शाळेचा पत्ता द्या, आणि राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्याची माहितीही. वर्षाला एक लाखापर्यंतच्या या विम्याचं नाव निम्म्या डॉक्टरांनी ऐकलेलं नसावं, असा माझा दाट संशय आहे.

बाकी दवाखान्यात करायचं ते साधं आहे. प्रश्न आधी पेशंटला, छोट्या वाक्यात, आणि उत्तराला वेळ. अशांना ओपीडीचा पहिला नंबर, म्हणजे गर्दीत ताटकळून ते बिथरत नाहीत. तपासणी नसताना एकदा नुसतं टेबलावर चढायला, स्टेथोस्कोप हाताळायला बोलवा.

या अंकाच्या मधल्या पानावर एक तक्ता छापला आहे: नेहमी काय आणि कसं खातो, किती झोपतो, शौचाला कधी जातो, दुखलं तर काय करतो, कशाला घाबरतो, कशाने शांत होतो. त्याच्या झेरॉक्स काढून पालकांना आणि संस्थांना द्या. बरा असताना भरून घ्या, आणि केसपेपरला टाचून ठेवा.