डाग कोणता, गोंदण कोणते?

ऐन दिवाळीत स्वच्छतेविरुद्ध लिहायला बसणे अशुभच म्हणायचे. घरोघर जळमटे निघत असताना धुळीची वकिली कोण ऐकणार? पण मी धुळीची वकिली करीत नाही. धुळीबरोबर जे केरात जाते त्याची करतो आहे.

गेल्या वर्षी, वडिलांनी बॉक्स कॅमेऱ्याने काढलेल्या काही जुन्या निगेटिव्ह मी शहरातल्या एका दुकानात स्कॅन करायला दिल्या. त्यांत आजीची एक होती. ती परसात उभी आहे, डोक्यावर पदर आहे, मागे दोरीवर लुगडे वाळते आहे. चार दिवसांनी दुकानातल्या तरुणाने संगणकाचा पडदा मोठ्या अभिमानाने माझ्याकडे वळवला. “बघा काका, कसा कोरा केलाय!” खरोखरच कोरा केला होता. आजीच्या हनुवटीवरचे तीन ठिपके नाहीसे झाले होते. आणि मागची दोरी ओरखडा समजून पुसली गेल्यामुळे लुगडे अधांतरी तरंगत होते.

“हिचे गोंदण कुठे गेले?”

“गोंदण? मला वाटलं, डागच असतील.”

वस्तुतः त्याला काहीच वाटले नव्हते. डाग यंत्राने काढले. त्याने पाहिलेसुद्धा नाही. माझे भांडण आहे ते या न पाहण्याशी.

यंत्राची रीत समजून घेतली पाहिजे. रंगीत फिल्मवरील रंगद्रव्यांतून अवरक्त किरण बहुतांशी आरपार जातात. धूळ आणि ओरखडे मात्र त्यांना अडवतात. म्हणून स्कॅनर या किरणांनी धुळीचा निराळा नकाशा काढतो आणि तेवढीच जागा शेजारच्या रंगाने भरून टाकतो. युक्ती नामी आहे. परंतु नेहमीच्या कृष्णधवल फिल्मवर चित्र असते ते चांदीचे, आणि चांदीही हे किरण अडवते! तिथे यंत्राला चित्रच धूळ वाटू लागते. मग दुकानदार दुसरा उपाय योजतो: जो बारीक ठिपका किंवा रेघ शेजाऱ्यांहून वेगळी दिसेल ती मिटवायची. शेजाऱ्यांहून वेगळा दिसणे हा गुन्हा ठरला, की गोंदण, तीळ, नथीतला मोती, दूरच्या झाडावरचा पक्षी, सारेच गुन्हेगार.

यावर कोणी म्हणेल, पूर्वीचे फोटोवालेही लग्नाच्या मुलींच्या चेहऱ्यावरचे देवीचे वण पुसतच होते. होय, पुसत होते. पण निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवणारा तो कारागीर आपण काय पुसतो आहोत हे जाणून पुसत होता. तो खोटे बोलत असे, पण त्याला खरे ठाऊक असे. शिवाय निगेटिव्ह उजेडात धरा, त्याची पेन्सिल आजही तिच्यावर दिसते. आजचे खोटे आपला मागही ठेवीत नाही.

दुसरा आक्षेप असा, की मूळ निगेटिव्ह तर घरीच आहे! माझ्याकडे आहे, म्हणून तर चोरी पकडली गेली. पण किती घरांत स्कॅन झाल्यावर ती रद्दीत जाते? ‘पथेर पांचाली’ची मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमध्ये आगीत होरपळली. २०१५ साली तो चित्रपट नव्याने उभा राहिला, तो त्या होरपळलेल्या फितीतून जे वाचले त्यावर, आणि जिथे काहीच वाचले नव्हते तिथे जगात इतरत्र असलेल्या प्रतींवर. त्या प्रती करणाऱ्यांनी ‘सुधारणा’ म्हणून बारीकसारीक ठिपके गाळले असते तर? मूळ गेले की नक्कल हेच मूळ होते. नक्कल करणाराने ही जबाबदारी ओळखली पाहिजे.

मग धूळ तशीच ठेवायची काय? मुळीच नाही. धूळ म्हणजे इतिहास असे मानणारे भाविकही मला नकोत. कालपरवा बसलेला कण आजीच्या काळाची साक्ष देत नाही. माझी मागणी साधी आहे. स्कॅन करण्यापूर्वी फिल्मवरची धूळ हवेच्या झोताने व मऊ ब्रशाने झाडा. निम्मे काम तिथेच होईल. मग जसे आहे तसे स्कॅन करा आणि ते न पुसता गिऱ्हाइकाच्या स्वाधीन करा. पुसापुशी दुसऱ्या प्रतीवर, चित्र मोठे करून, एकेक ठिपका डोळ्यांनी पाहून करा. शंका आली तर घरच्यांना विचारा. याला वेळ लागेल, पैसे जास्त पडतील. ते मागून घ्या, मी देईन.

दिवाळीत आजीही घर झाडीत असे. पण केर टाकण्यापूर्वी सुपात घेऊन बोटांनी चाळून पाही. एखादा मणी, एखादी टिकली त्यात हमखास सापडे. मी यंत्राला ते शिकवा म्हणत नाही. माणसांनी विसरू नये, एवढेच म्हणतो.