घोळक्यातला घोडा हाताशी कसा ठेवाल?

शेतकरी बंधूंनो, मार्गशीर्षात माळेगावची खंडोबाची यात्रा भरली, की आपल्या मुरुडकडची हौशी मंडळी लोह्याच्या वाटेला लागतात. कोणी घोडा घेऊन येतो, कोणी विकून येतो, कोणी नुसतेच दात बघून, भाव विचारून परततो. शेतीकामाला आता घोडा लागत नाही, हे खरे. पण वरातीला, देवाच्या छबिन्याला आणि हौसेला तो लागतोच. लग्नसराईत घोडा भाड्याने देऊन संसार चालवणारीही माणसे आहेत. म्हणून हा विषय फक्त हौसेचा नाही, पोटाचाही आहे.

तक्रार मात्र सगळीकडे एकच ऐकू येते. "बाजारात घेतला तेव्हा गाईसारखा गरीब होता. चार घोड्यांत नेला अन् हातातच राहीना!" मग कोणीतरी जाणता सल्ला देतो, "माजलाय तो. काटेरी लगाम घाला, दोन दिवसांत सरळ होतो." माझे मत याच्या अगदी उलट आहे. असा घोडा बहुतेक वेळा बिघडलेला नसतो. त्याची तयारी झालेली नसते आणि सोबत चुकलेली असते. ती आधी सुधारा.

घोळक्यात तो असा का वागतो?

घोडा हा कळपाचा प्राणी. त्याच्याजवळ शिंग नाही, नखे नाहीत. जीव वाचवायचा तर पळायचे, एवढेच त्याला ठाऊक. कळपातला एक पळाला, की का पळाला हे विचारत बसायला बाकीचे थांबत नाहीत. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते. दिसत नाही ते कपाळासमोर अगदी जवळचे आणि थेट शेपटीमागचे. पाठीमागून दुसरा घोडा एकदम अंगावर आला तर तो लाथ झाडणारच. साहेबाच्या पुढून अन् घोड्याच्या मागून जाऊ नये, ही म्हण उगाच पडलेली नाही.

तुम्ही नवा गोऱ्हा कामाला लावताना काय करता? दोन नवे गोऱ्हे एका जुवाखाली जुंपत नाही. मुरलेल्या, शांत बैलाच्या जोडीला नवा देता. जुना बैल चालतो तसा नवा चालायला शिकतो. घोड्याचेही तसेच आहे. तापट घोड्याला शांत, वयस्क घोड्याची सोबत द्या. दोन तापट जनावरे शेजारी चालवली, की एकाचा ताप दुसऱ्याला चढतो.

चंदी आणि काम

आपल्याकडे घोड्याची हौस म्हणजे चंदीची हौस. भिजवलेला हरभरा, बाजरी, भरडा, वर गूळ. आणि काम? आठ-आठ दिवस दावणीला अगाडी-पिछाडी बांधून उभा! मग एक दिवस खोगीर चढवून त्याला मिरवणुकीत न्यायचे आणि तो उड्या मारतो म्हणून त्यालाच दोष द्यायचा. हे बरोबर नाही. चंदी कामाच्या मापात हवी. काम नसेल त्या दिवशी ती निम्म्यावर आणा. कडबा, गवत आणि पाणी मात्र पोटभर द्या. रोज तासभर तरी त्याला चालवा. भरपूर दाणा खाऊन नुसता उभा राहिलेला घोडा कामाला काढला की कधीकधी मागचे पुठ्ठे ताठ होतात, घाम सुटतो, लघवी काळपट होते. असे दिसले तर एक पाऊलही पुढे नेऊ नका. जागेवरच उभा ठेवा आणि पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलवा.

निघताना आणि वाटेत

सोबत जायचे असेल त्या दिवशी घोडा आधी एकटा अर्धा तास फिरवा. मोकळ्या रानात चाल, थोडी दुडकी, डावीकडे फेरा, उजवीकडे फेरा. अंगातली पहिली रग तिथेच जिरते. तंग आणि लगाम स्वतःच्या हाताने तपासा.

वाटेत दोन घोड्यांमध्ये निदान एका घोड्याची लांबी मोकळी ठेवा. लाथ मारणाऱ्या घोड्याच्या शेपटीला लाल चिंधी बांधण्याची चाल जगभर आहे, तीही पाळा. घोडे आणि माजावर आलेली घोडी शेजारी चालवू नका. तापट घोडा सगळ्यांत मागे ठेवला तर तो पुढच्यांना गाठायला धडपडतो. काही घोडे पुढे शांत चालतात, काही मध्ये. आपला कुठे शांत राहतो ते दोन-चार वेळा बघून ठरवा.

सगळ्यांत मोठा नियम स्वारांसाठी आहे. घोळक्याची चाल ही त्यातल्या सगळ्यांत कच्च्या घोड्याची चाल. न सांगता कोणी घोडा पिटाळायचा नाही. एखादा उतरला, तर तो पुन्हा खोगिरावर बसेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचे. सोबती दूर गेले की मागे राहिलेला घोडा वेडापिसा होतो आणि स्वार एक पाय रिकिबीत घालून फरफटत जातो. घराकडे तोंड झाले की भरधाव सोडू नका. ती सवय एकदा लागली की मोडत नाही.

घोडा ओढू लागला तर दोन्ही हातांनी लगाम गच्च धरून लोंबकळू नका. ताकदीत तो तुम्हाला हार जाणार नाही. थोडे आवळा, लगेच सैल सोडा, पुन्हा आवळा. मांड घट्ट ठेवा, अंग मागे घ्या, आरडाओरडा करू नका. उधळलाच तर मोकळ्या जागेत एका बाजूचा लगाम हळूहळू जवळ घेत मोठा फेरा घ्या आणि फेरा लहान करत आणा. डांबरी रस्त्यावर मात्र एकदम वळवू नका. नाल घसरते आणि घोडा स्वारासकट पडतो.

काटेरी लगाम नकोच

काटेरी लगामाने घोडा थांबतो, पण दुखते म्हणून. तोंडात जखम होते, मग दुखण्याच्या भीतीने तो मान वर टाकतो, मागच्या पायांवर उभा राहतो. आणखी एक भीती वाढली, शहाणपण वाढले नाही. पुढे बाजारात नेला तर जाणकार गिऱ्हाईक आधी तोंड उघडून बघते आणि भाव पाडते. शिवाय ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी 1965 साली केंद्राने केलेल्या नियमांत काटेरी लगाम वापरायला मनाई आहे. ते नियम 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालचे आहेत.

गावच्या कारभाऱ्यांना विनंती

सगळा भार घोडेवाल्यावर टाकून चालणार नाही. आषाढी वारीत माउलींच्या पालखीचे रिंगण आठवा. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून आलेले अश्व भोवती अफाट गर्दी असताना धावतात. पुढे स्वाराचा अश्व, त्यामागे पाठीवर स्वार नसलेला माउलींचा अश्व. ते का साधते? पुढे सोबत असते आणि वाट मोकळी असते. रिंगण सुटेपर्यंत गर्दी आपली जागा धरून उभी राहते. शिस्त घोड्याइतकीच माणसांचीही असते.

आपल्या वरातीत काय होते? घोड्याच्या कानाशी डीजे, पायाशी फटाक्यांची माळ, आणि पाठीवर नवरदेवापुढे एखादे लेकरू. घोडा बुजला तर आधी ते लेकरू खाली येते. म्हणून सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी तीन गोष्टी गावात ठरवून घ्याव्यात. एक, डीजे आणि घोडा यांच्यात भरपूर अंतर. घोड्याजवळ फटाके वाजवायचे नाहीत. दोन, घोड्याचा माणूस पूर्णवेळ दोरीला. तो जेवायला गेला तर वरात थांबेल. तीन, यात्रा-जत्रेत बाजाराच्या गल्लीत घोडा पळवून दाखवायचा नाही. चाल बघण्यासाठी पीक निघालेले एखादे मोकळे रान आखून द्यावे. याला फार पैसा लागत नाही. ग्रामसभेत एकदा विषय घेतला तरी पुरे. अपघात झाल्यावर बैठक घेणे म्हणजे वरातीमागून घोडे!

यंदा यात्रेत घोडा घेणार असाल, तर त्याला एकटा पळताना बघून भुलू नका. विकणाऱ्याला म्हणा, "दोन घोड्यांच्या मध्ये चालवून दाखवा, एकाला पुढे जाऊ द्या आणि हा मागे उभा राहतो का ते बघू." तो उभा राहिला तर चार पैसे जास्त मोजा. नाही राहिला, तर भाव कमी करून मागा आणि ते पैसे त्याला घरी शिकवण्याच्या दिवसांसाठी धरा. उपाशी ठेवून किंवा मारून मात्र ते दिवस वाचणार नाहीत.