घरच्या भेटीचा हिशेब

नाताळच्या सुमारास गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतून शेजाऱ्यांकडे आणि नातेवाइकांकडे मिठाईचे जे ताट जाते, त्याला कोंसुआद म्हणतात. ताटात नेवऱ्या, दोस, दोदोल, बोलिन्हा, पेराद आणि किडयो असतात. वर क्रोशाने विणलेला किंवा भरतकाम केलेला रुमाल. किडयो म्हणजे मुंबई-वसईकडचे कुलकुल. घरी करून द्यायच्या कमी खर्चाच्या भेटींचा विचार करताना या ताटापासून सुरुवात करणे सोयीचे, कारण ते काटकसरीचा धडा म्हणून कुणी मांडलेले नाही. आसपास जे पिकत होते आणि घरात जेवढे हात होते, त्यांतून ते आपसूक ठरत गेले.

ताटातले जिन्नस पाहिले तर हे लगेच ध्यानात येते. दोदोल तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा काळा गूळ यांचा. पिनाग भाजून दळलेल्या उकड्या तांदळाचा, गूळ-खोबरे घालून मुठीत आवळलेला. दोस हरभऱ्याच्या डाळीचा आणि नारळाचा, वडीसारखा कापलेला. बोलिन्हाला रवा, नारळ आणि थोडी अंडी. पोर्तुगीज पाककृतींतले बदाम आणि गाईचे दूध गोव्यात आल्यावर मागे पडले. बदामांच्या जागी काजू आले, दुधाच्या जागी नारळाचा रस. (काजूही मूळचा ब्राझीलचा, तो पोर्तुगीजांनीच आणला, पण झाड इथल्या डोंगरउतारांवर इतके रुळले, की त्याला परका म्हणायला कुणी धजणार नाही.) स्वस्त भेटीचे पहिले तत्त्व या अदलाबदलीत आहे: कृती परगावची चालेल, सामान मात्र गावचे हवे. आज काजूचा भाव पाहता काजूचे मार्झिपान स्वस्तात मोडत नाही. जुन्या यादीतला पदार्थ आहे म्हणून तो परवडेलच, असे धरून चालता येत नाही.

थराथरांचा बेबिंका तर कधीच स्वस्त नव्हता. एका बेबिंकाला दहाहून अधिक बलक सहज लागतात, शिवाय तूप, साखर आणि नारळाचे दाट दूध. एक थर वरच्या आचेवर भाजून झाल्याशिवाय दुसरा ओतता येत नाही, म्हणून भट्टीपाशी कुणीतरी तासन् तास अडकून पडते. 2023 मध्ये गोव्याच्या बेबिंकाला भौगोलिक मानांकन मिळाले आणि बेकऱ्यांतून तो बारमाही मिळतो. तो विकत आणण्यात कमीपणा नाही. घरचा वेळ इतर जिनसांसाठी राखणे शहाणपणाचे.

नवख्याने सुरुवात करावी ती पेरादपासून, म्हणजे पेरूच्या वडीपासून. मृग बहाराचा पेरू नोव्हेंबर ते जानेवारीत बाजारात येतो, म्हणजे नाताळच्या आधी नेमका भाव उतरलेला असतो. पिकलेल्या पेरूंत दोन-चार जरा करकरीत घ्यावेत, कारण पदार्थ घट्ट धरून ठेवणारे पेक्टिन त्यांत जास्त असते. पेरू शिजवून गर चाळणीतून काढायचा, बिया वर राहतात. गर वजन करून घ्यावा. एक किलो गराला पाऊण ते एक किलो साखर आणि दोन लिंबांचा रस. लिंबू चवीसाठी तर आहेच, पण आंबटपणामुळे साखर पुन्हा कणीदार होत नाही, हे त्याचे खरे काम. जाड बुडाच्या भांड्यात मिश्रण मंद आचेवर ढवळत राहायचे. ते आटत आले की गरम ठिपके उडतात आणि हात भाजतो, म्हणून लांब दांड्याचा उलथना घ्यावा आणि हाताला फडके गुंडाळावे. मिश्रण भांड्याच्या कडा सोडू लागले आणि त्याचा थेंब गार पाण्यात टाकल्यावर गोळी वळली, की झाले. लवकर उतरवले तर वड्या चिकटतात, उशीर झाला तर दगड होतात. तूप लावलेल्या ताटात थापून दुसऱ्या दिवशी कापावे. किलोभर गरापासून सव्वा किलोच्या आसपास पेराद निघते, म्हणजे छोट्या डब्यांतून पाच-सहा घरांना पुरेसे. खर्च पेरू, साखर आणि गॅस एवढाच. आतून गुलाबी पेरू मिळाला तर रंगही घालावा लागत नाही.

कुलकुलांचे गणित वेगळे आहे. मैदा, नारळाचे दूध, थोडी साखर, तळायला तेल. सामान किरकोळ, पण वेळ फार. लाडवाच्या बुंदीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबून वळवायची, असे शेकडो वेळा. एक किलो मैद्याचे कुलकुल एकट्याने वळायला घेतले तर संध्याकाळ जाते आणि पाठ धरते. सहा जण बसले, त्यांत दोन मुले, एक आत्या आणि गप्पा असल्या, तर तेच काम करमणूक होते. दोदोलचेही तसेच: तो घट्ट होत जातो तसा ढवळणारा दमतो, आणि उलथना दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो. जिथे ही पाळी घ्यायला कुणी नाही, तिथे दोदोलचा घाट घालू नये.

नाताळचे ताट शेजारी पाठवण्याची चाल वसईत आणि मुंबईच्या जुन्या गावठाणांतही आहे. वसई 1534 ते 1739 पोर्तुगीजांकडे होती आणि तिथल्या ख्रिस्ती समाजाची बोली मराठीच राहिली, त्यामुळे नेवरी आणि करंजी यांत शेजाऱ्यांना फारसा फरक वाटत नाही. दिवाळीत एका दारातून चकल्या-लाडू जातात, नाताळात दुसऱ्या दारातून कुलकुल आणि केक येतो. डबा रिकामा परत करू नये, हा संकेत दोन्हीकडे पाळला जातो, मग त्यात चमचाभर साखर का असेना. ज्या घरात शोक असतो तिथे दिवाळीला कढई चढत नाही. फराळ शेजारचे आणून देतात. अशा घरी विकतचा पुडा गेला तर तोही गोड मानून घेतला जातो, पण शेजारणीने तळलेल्या शंकरपाळ्यांत एक घाणा त्या घरासाठी जास्तीचा काढलेला असतो, हे घेणाऱ्याला ठाऊक असते.

मात्र या स्वस्ताईच्या हिशेबात एक रकाना कोराच राहतो. मैदा, तेल, साखर, गॅस यांची बेरीज होते. ज्या बाईने तीन दिवस स्वयंपाकघरात काढले तिचे तास शून्य रुपयांनी लिहिले जातात. घरची भेट स्वस्त पडते ती बहुतेक वेळा या शून्यामुळे. गावठाणांतल्या बायका मागणीनुसार नाताळची मिठाई करून विकतात, तेव्हा त्या शून्याच्या जागी खरा आकडा येतो आणि गिऱ्हाईक लगेच ‘महाग आहे’ म्हणते. महाग काहीच झालेले नसते, फक्त मजुरी दिसू लागलेली असते. घरच्या भेटीचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी कुलकुल वळायला बसावे, अशी अट घालायला हरकत नाही. पुरुषांनी तर अवश्य.

खाण्याच्या भेटीत क्रम चुकला की मेहनत वाया जाते. साखर जितकी जास्त आणि पाणी जितके कमी, तितका पदार्थ टिकतो. म्हणून पेराद आणि कुलकुल आधी करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. दोदोल आणि दोस नंतर. ओल्या नारळाच्या नेवऱ्या अगदी शेवटी, कारण त्या दोन-तीन दिवसांतच वास धरतात. सारणात सुके खोबरे आणि भाजलेला रवा वापरला तर मुदत बरीच वाढते.

न खाण्याच्या भेटींत नाताळचा तारा सर्वांत हलका आणि सर्वांत स्वस्त. बांबूच्या दहा सारख्या लांबीच्या कामट्या घ्यायच्या, पाच-पाचांचे दोन पंचकोनी तारे बांधायचे, दोन्हींची टोके एकमेकांना जखडायची आणि आतल्या पाच छेदांवर पाच आखूड तुकडे आडवे खोचून पोट फुगवायचे. वर पतंगाचा कागद, चिकटवायला खळ. आत साधा तापणारा दिवा नको, एलईडी लावावा. आकाशकंदील करता येणाऱ्या घराला यात शिकण्यासारखे काही नाही. दिवाळीचा सांगाडा जपून ठेवला तर महिन्याभरात त्यावर नवा कागद चढवून तो शेजाऱ्याला देताही येतो.

कौटुंबिक समारंभांत बाळंतविडा हा या प्रकारचा सर्वांत जुना आणि सर्वांत विचारपूर्वक घडलेला संच: झबली, टोपडी, कुंची, दुपटी. दुपट्याला जुने सुती पातळ किंवा धोतर वापरायचे, ते नुसत्या गरिबीमुळे नव्हे. नव्या कापडातली खळ आणि कडकपणा वर्षानुवर्षांच्या धुण्याने गेलेला असतो आणि तान्ह्या कातडीला ते कापड बोचत नाही. तीन-चार पदर एकावर एक ठेवून धावदोरा घातला की गोधडी तयार. पातळ आजीचे असेल तर घरात त्याची आठवण निघते, ती वेगळी सांगावी लागत नाही. लोकरीचा स्वेटर करायचा तर तान्ह्या बाळाला शंभर ते दीडशे ग्रॅम लोकर पुरते. बटणे टाळावीत आणि माप एक आकार मोठे घ्यावे, कारण विणणारीच्या वेगापेक्षा बाळ लवकर वाढते.

याउलट रुखवत आणि संक्रांतीचे वाण यांची वाट चुकली आहे. नवरीकडच्या बायकांची कला मांडण्यासाठी जे रुखवत असे, ते आता तयार विकत मिळते. कुणाच्या हाताने झाले हे सांगता येत नसेल तर ते मांडायचे कशाला, हा प्रश्न कुणी विचारत नाही. हळदीकुंकवाचे वाण म्हणून घाऊक बाजारातून आणलेले प्लॅस्टिकचे डबे घरोघरी फिरतात आणि पुढच्या संक्रांतीला तेच दुसऱ्या घरी जातात. त्या पैशांत कापडाच्या उरलेल्या तुकड्यांच्या पिशव्या शिवून होतात. हलव्याचे दागिने मात्र अजून काही घरांत जिवंत आहेत. शेगडीच्या मंद उबेवर खसखशीला किंवा साबुदाण्याला थेंबथेंब पाक चढवत बोटांनी हलवत राहायचे. काटा येतो तो थंडीतच. साखरेखेरीज त्यात खर्च जवळजवळ नाही, आणि चिकाटी मात्र बाजारात मिळत नाही.

हस्तकलेच्या दुकानातून आणलेला ‘घरी बनवा’ संच ही घरच्या भेटीची सर्वांत फसवी जात आहे. गरम गोंदाची बंदूक, चमकी, रिबिनी, साचे हे सगळे एका वस्तूसाठी घेतले तर ती वस्तू तयार मिळते त्याहून महाग पडते आणि उरलेले सामान कपाटात अडगळ होते. असे साहित्य घ्यायचेच तर डझनभर भेटींचा घाट घालावा. कार्यालयांतल्या ‘सीक्रेट सांता’ला काही शे रुपयांची मर्यादा घालतात आणि शेवटी सगळ्यांना कॉफीचे मग मिळतात, त्याऐवजी लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली तर ती निदान उघडली तरी जाते.

बांधणीवर खर्च करू नये. मुरंब्याच्या, लोणच्याच्या धुतलेल्या बरण्या, खाकी कागद, सुतळी एवढे पुरते; वड्यांच्या थरांमध्ये बटर पेपर. चिठ्ठीवर पदार्थाचे नाव, केल्याची तारीख आणि त्यात अंडे किंवा काजू आहे का हे लिहावे. अंडे न चालणाऱ्या घरी केक-बोलिन्हांऐवजी पिनाग, दोस, पेराद पाठवावे. ताट तितकेच भरलेले दिसते. परगावच्या पार्सलात पेराद आणि कुलकुल टिकतात, ओल्या नारळाचे काही घालू नये. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये दूध, बिया आणि फळे यांबाबतचे जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत. तिथल्या भाचरांसाठी विणलेला स्वेटर किंवा गोधडी हीच बिनधोक भेट, आणि ती नोव्हेंबरातच टपालात पडायला हवी.