उबेची मिजास

ध्वनीविषयी बोलताना 'ऊब' हा शब्द वापरणाऱ्याला एक प्रश्न विचारण्याची सोय असायला हवी, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. ही ऊब आपणांस कानांना जाणवली, की ॲम्प्लिफायरवरच्या पाटीवर वाचायला मिळाली? प्रश्न उद्धट आहे, याची मला जाणीव आहे. पण ज्या प्रसंगातून तो सुचला, तो प्रसंगही फारसा सभ्य नव्हता.

दोन वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात कला शाखेतला एक विद्यार्थी बास गिटार वाजवत होता. गाणे संपल्यावर पाहुणे परीक्षक मंचावर आले आणि त्यांनी त्या मुलाच्या मागे ठेवलेल्या काळ्या खोक्याकडे बोट दाखवले. "ट्रान्झिस्टरवर बास वाजवायचा नसतो. त्या आवाजाला ऊब नसते, आत्मा नसतो. व्हॉल्व्हचा ॲम्प मिळेल तेव्हा तुझ्या वाजवण्याविषयी बोलू." सभागृहात हशा झाला. मुलाने काय वाजवले, ताल कुठे सुटला, कुठे सांभाळला, कोणता स्वर त्याने मुद्दाम उशिरा घेतला, यांविषयी एक शब्दही उच्चारला गेला नाही. नंतर त्याने मला सांगितले, "सर, चांगला ॲम्प घेता येईल तेव्हाच वाजवीन." त्याच्या घरची परिस्थिती मला ठाऊक आहे. या वाक्याचा अर्थ 'आता वाजवणार नाही' एवढाच होता.

ते खोके माझे होते. म्हणून हा लेख.

२

एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राच्या वादकाकडून मी तो ॲम्प घेतला. गणेशोत्सवातले मंडप, टेम्पोतले प्रवास, जनरेटरवरची वीज आणि पावसाळी रात्री हे सगळे त्याने पचवलेले होते. कंपनीच्या नावाची पाटी कधीच गळून पडलेली होती. एक कोपरा फुटलेला, जाळीला पोचे आलेले. सुरू केला की घुं असा अखंड आवाज यायचा आणि व्हॉल्यूमची कळ फिरवली की कागद चुरगाळल्यासारखी खरखर व्हायची. आमच्या बाजारपेठेत रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी मागचे फळकूट उघडले, वीजपुरवठ्यातले दोन फुगलेले कंडेन्सर बदलले, जॅकपाशी 'ड्राय सोल्डर' झालेला सांधा पुन्हा डाग देऊन पक्का केला, कळ साफ केली. हीटसिंकवरच्या पॉवर ट्रान्झिस्टरांना त्यांनी हातही लावला नाही. "हे जात नाहीत लवकर. गेले तरी मिळतात," एवढेच म्हणाले. घुं जवळजवळ नाहीसा झाला. खरखर थोडी उरली, ती आजही आहे.

हा तपशील मी आठवणींच्या हौसेने देत नाही. एखादी वस्तू उघडता येते, तिचा दोष नेमक्या जागी दाखवता येतो आणि गावातल्या माणसाला तो दूर करता येतो, ही त्या वस्तूविषयीची महत्त्वाची गोष्ट आहे. व्हॉल्व्हच्या ॲम्पचे असे नाही. पाश्चात्त्य देशांतले व्हॉल्व्हचे बहुतेक मोठे कारखाने केव्हाच बंद झाले. आज नवे व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथून येतात, ते झिजतात आणि ठरावीक काळाने बदलावे लागतात. ज्याला हे परवडते त्याने अवश्य बाळगावेत. पण परवडण्याला 'आत्मा' म्हणू नये.

३

आता प्रतिपक्षाचे जे म्हणणे खरे आहे, ते आधी मान्य करू. व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांच्या आवाजात फरक असतो. रसेल हॅम यांनी १९७३ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात याच प्रश्नावर एक निबंध लिहिला होता. त्यांचा रोख मायक्रोफोनच्या प्री-ॲम्प्लिफायरांवर होता. त्यांचा मुद्दा असा, की फरक स्पष्ट होतो तो साधन क्षमतेपलीकडे ताणले जाते तेव्हा. व्हॉल्व्ह हळूहळू शरण जातो आणि मूळ स्वरात मिसळून जाणारे उपस्वर वाढवतो. ट्रान्झिस्टर मर्यादेपर्यंत ताठ राहतो आणि मग एकदम तुटतो, तेव्हा उपटणारे उपस्वर कानाला टोचतात. ज्याला 'ऊब' म्हणतात तिचा एक मोठा भाग हा असा आहे. थोडक्यात, ती विकृतीची एक गोड जात आहे. इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा ॲम्पला मुद्दाम ताणतो, त्यामुळे त्याच्या दृष्टीने हा फरक जीवनमरणाचा असू शकतो.

पण बासचे काय? चार तारांच्या बासवरचा सर्वांत खालचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो. इतक्या खर्जात माणसाचा कान मंद असतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मांडलेल्या समप्रबलता-वक्रांपासून हे ज्ञात आहे. मधल्या पट्टीतला आवाज सहज ऐकू येतो, खर्ज ऐकू यायला कितीतरी अधिक शक्ती खर्चावी लागते. शिवाय आवाज दुप्पट मोठा भासावा, तर साधारणतः दहापट वॅट लागतात. म्हणजे बासवादकाची पहिली गरज आहे ती न ताणता, न तुटता भरपूर शक्ती मिळण्याची. ही गरज ट्रान्झिस्टर स्वस्तात आणि हलक्या वजनात भागवतो. शिवाय आउटपुट ट्रान्सफॉर्मर मध्ये नसल्याने स्पीकरच्या पडद्यावर त्याची पकड सहसा घट्ट राहते, स्वर थांबवला की थांबतो. ज्या वाद्यात स्वर केव्हा थांबतो यालाही स्वराइतकेच महत्त्व आहे, तिथे ही उणीव नव्हे, गुण आहे.

गिटारची गरज बासवर लादणे आणि मग बासचे साधन त्या गरजेला उतरत नाही म्हणून त्याला निर्जीव ठरवणे, हा प्रकार आपणां साहित्याच्या लोकांना अनोळखी नसावा. कादंबरीच्या कसोट्या लावून कथेला अपुरी ठरवणारी समीक्षा आपण वाचली आहे. आपल्यापैकी काहींनी लिहिलीही आहे.

४

इतिहास पाहिला तर उबेच्या पुरस्कर्त्यांची अधिकच पंचाईत होते. लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बास बाजारात आणला आणि त्याच्यासाठी पुढच्याच वर्षी 'बासमन' नावाचा व्हॉल्व्ह ॲम्प. पुढे १९६०च्या दशकाच्या आरंभी लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात त्याच बासमनच्या एका नंतरच्या आवृत्तीवरून 'जेटीएम ४५' घडवला गेला आणि रॉक गिटारच्या आवाजाचे एक कुळ सुरू झाले. म्हणजे गिटारवादक ज्या आवाजाला आपले मूळ पीठ मानतात, तो बाससाठी बनवलेल्या यंत्राची नक्कल आहे. अस्सलपणाची वंशावळ मागे नेत गेले की असे काहीतरी सापडतेच.

बासला मोठ्या मैदानांसाठी शक्ती हवी झाली तेव्हा १९६९ साली ॲम्पेगचा 'एसव्हीटी' आला. व्हॉल्व्हचा, सुमारे ३०० वॅटचा. रोलिंग स्टोन्सच्या त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात तो वापरला गेला. आवाज भव्य होता यात शंका नाही, पण नुसत्या हेडचे वजन पस्तीस किलोंच्या वर. याच काळात 'अकॉस्टिक ३६०' हा ट्रान्झिस्टरचा ॲम्प निघाला. २०० वॅट, अठरा इंची स्पीकर. जॅको पास्टोरियस यांनी वेदर रिपोर्टबरोबर मंचावर फ्रेटविरहित बास वाजवला तो या ॲम्पमधून. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ज्याने या वाद्याची भाषाच बदलली, त्याचा गाता, विव्हळता स्वर ट्रान्झिस्टरमधून श्रोत्यांपर्यंत पोचत होता. त्या स्वराला आत्मा नाही, असे म्हणणारा अजून मला भेटायचा आहे. १९८०च्या दशकात गॅलियन-क्रुगरचा '८०० आरबी' हा ट्रान्झिस्टरचाच हेड असंख्य वादकांनी आपलासा केला.

आणि जेम्स जेमरसन? मोटाउनच्या ध्वनिमुद्रणांतला त्यांचा बास हा उबेचा आदर्श म्हणून सांगितला जातो. डेट्रॉइटच्या त्या स्टुडिओत त्यांचा बास बहुतांशी ॲम्पविना, थेट ध्वनिमुद्रणाच्या टेबलाकडे जात असे. त्या टेबलातल्या यंत्रणेचा वाटा जरूर मान्य करावा. पण ज्या ॲम्पची ऊब आपण ऐकल्याचे शपथेवर सांगतो, तो ॲम्प तिथे बहुधा नसतोच. ऐकू येतात ती जुन्या, न बदललेल्या तारा आणि तर्जनीचे एक बोट.

याहून बोलके उदाहरण जुन्या बाजाराचे आहे. १९८०च्या दशकाच्या आरंभी रोलंडने 'टीबी-३०३' नावाचे एक छोटे यंत्र काढले. बासवादक नसेल तेव्हा त्याची जागा घेणारे. बासची नक्कल म्हणून ते इतके फसले की १९८४ साली उत्पादन थांबले. मग ती यंत्रे जुन्या वस्तूंच्या दुकानांत कवडीमोलाने आली, शिकागोतल्या तरुणांच्या हाती पडली, आणि १९८७ साली 'फ्युचर' या गटाच्या 'ॲसिड ट्रॅक्स'मधून एक नवा संगीतप्रकार जगापुढे आला. आमच्या मुंबईत तर हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी याच यंत्रावर, त्याच्या काही वर्षे आधीच, दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले होते. त्या तबकडीकडे तेव्हा कोणी फिरकले नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा जगाचे डोळे विस्फारले. निर्जीव ठरवलेले यंत्र आणि परवडण्याजोगी किंमत, या दोहोंमधून ही निर्मिती झाली.

५

मग 'ऊब' हा शब्द टिकून का राहतो? कारण तो ध्वनीचे वर्णन करण्यासाठी वापरलाच जात नाही. तो वापरला जातो तो वर्णनाची जबाबदारी टाळण्यासाठी. 'खर्ज फुगतो आहे', 'मधली पट्टी दबली आहे', 'स्वराचा आरंभ बोथट आहे' असे म्हटले तर समोरचा तपासून पाहू शकतो, वाद घालू शकतो, कळ फिरवून दुरुस्त करू शकतो. 'ऊब नाही' म्हटले की संवाद संपतो. उरतो तो फक्त आत कोण आणि बाहेर कोण याचा निवाडा. आणि हा निवाडा आश्चर्यकारक सातत्याने महागड्या वस्तूच्या बाजूने लागतो.

आपल्या समीक्षेतल्या 'सकस', 'अस्सल', 'जीवनानुभवाची खोली' या शब्दांचे काय? ते मुळात निरर्थक होते असे मी म्हणणार नाही. कधीतरी, कुणाच्या तरी लेखनात, ते कष्टाने कमावलेले शब्द असतील. पण आज अभिप्रायाच्या कागदावर ते शिक्क्यासारखे उमटतात. हे मी परक्याविषयी बोलत नाही. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने दाखवलेल्या कवितांच्या वहीवर मी 'अनुभव सकस नाही' असा शेरा लिहून वही परत केली होती. ती मुलगी बाजार समितीच्या आवारात आईबरोबर कांदे निवडायला जात असे आणि तिच्या कविता त्याविषयीच होत्या. त्यांतल्या यमकांची ओढाताण, शेवटी येणारा उपदेश, मधल्या दोन कवितांमधली थेट आणि कोरडी निरीक्षणे, यांविषयी मला लिहिता आले असते. ते कष्टाचे होते. शेरा सोपा होता. तिने पुन्हा वही आणली नाही. स्नेहसंमेलनातल्या परीक्षकांवर मी इतका का संतापलो, ते मला घरी आल्यावर उमगले. त्यांचे वाक्य माझ्या ओळखीचे होते.

आणि साधनाच्या गरिबीवरून निर्मितीचा कस ठरवायचा, तर सायक्लोस्टाइल केलेल्या पानांवर निघालेली आपली लघुनियतकालिके पहिल्याच दिवशी रद्दीत जायला हवी होती. शाई फुटलेली, अक्षरे पुसट, बांधणी म्हणजे दोन पिना. तरीही आज त्यांवर आपण प्रबंध लिहितो आणि पदव्या घेतो.

६

"म्हणजे सारे ॲम्प सारखेच, साऱ्या कविता सारख्याच?" असा प्रश्न येईल. मुळीच नाही. माझ्या ॲम्पचे दोष मी सांगतो, ऐका. पाच तारांच्या बासचा ३१ हर्ट्झचा खर्ज त्याला पेलत नाही. तिथे स्वर कमी आणि लाकडाचा थरथराट जास्त ऐकू येतो. आवाज तीन चतुर्थांशाच्या पुढे नेला की तो कर्कश तुटतो, आणि तुटताना व्हॉल्व्हची माया दाखवत नाही. मोकळ्या मैदानात तो पुरत नाही. अर्थिंग नसलेल्या सभागृहात त्याचा घुं परत येतो. पण वर्गाएवढ्या खोलीत, अर्ध्या आवाजावर, चार तारांचा बास त्यातून स्वच्छ आणि नेमका येतो. बोट चुकले तर चुकले म्हणून ऐकू येते. शिकणाऱ्याला याहून प्रामाणिक सोबती कोणता?

भेद करू नये, असे माझे म्हणणे नाही. भेद करावा, आणि तो करताना आपण नेमके काय ऐकले, काय वाचले, हे सांगावे. ज्याला ते सांगता येत नसेल त्याने परीक्षकाची खुर्ची स्वीकारू नये. त्या खुर्चीवरून उच्चारलेला एक गुळगुळीत शब्द समोरच्या वीस वर्षांच्या मुलाला खरा वाटतो. तो त्याची किंमत काढतो, ती आपल्याला परवडणारी नाही हे पाहतो आणि वाद्य खोळीत घालून ठेवतो.

तो ॲम्प सध्या आमच्या विभागाच्या खोलीत, कपाटाशेजारी आहे. त्या मुलाला मी निरोप धाडला आहे, की शनिवारी दुपारी खोली रिकामी असते. वहीवाल्या मुलीचा पत्ता मात्र मला अद्याप मिळालेला नाही.